अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात वनशास्त्र शिकायचंय? आधी हे वाचा

पहिल्या सत्राचा तिसरा आठवडा. ओरेगॉनच्या किनाऱ्यालगतचे डोंगर. इथला पाऊस आपल्या कोकणातल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही, दिवसभर नुसता गळत राहतो. डग्लस फरच्या एका बुंध्याला फीत गुंडाळून मी आकडा सांगितला, २२.४ इंच. माझा जोडीदार, वय वर्षं एकोणीस, त्याने तेच झाड मोजलं, तर २१.६. सर वरच्या अंगाला उभे होते. काही बोलले नाहीत, झाडाच्या मागे बघ म्हणून नुसतं बोटाने खुणावलं. जाऊन पाहिलं तर फीत मागच्या बाजूला वीतभर खाली घसरलेली. फीत तिरकी झाली की झाड कागदावर जाड होतं, बारीक कधीच होत नाही. फरक एक इंचाचाही नव्हता, पण त्यावरून बुंध्याच्या छेदाचं क्षेत्रफळ काढलं की चूक साडेसात टक्क्यांवर जाते. आणि लाकडाचा सौदा याच आकड्यांवर ठरतो.

जंगल आवडतं म्हणून या शिक्षणाकडे वळणारे पुष्कळ. मीही त्यातलीच. पण दोन वर्षांतला निम्मा वेळ मोजण्यात जातो, तोही चिखलात आणि चढावर. ते चालणार असेल तर पुढे वाचा.

माझं माहेर दापोली तालुक्यातलं. घरापासून एसटीने अर्ध्या तासावर वनशास्त्र महाविद्यालय, पण तिथे कधी पाऊल टाकलं नाही. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले आणि सदतिसाव्या वर्षी लेकरांच्या वयाच्या मुलांबरोबर वर्गात बसले. इथल्या मराठी मंडळात दरवर्षी दोघं-तिघं तरी विचारतात, कुणी स्वतःसाठी, कुणी ‘मला कॉम्प्युटर नको’ म्हणणाऱ्या लेकासाठी. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

आधी शेवट ठरवा, मग कॉलेज

कम्युनिटी कॉलेज हे सरकारी पैशावर चालणारं दोन वर्षांचं कॉलेज. प्रवेश परीक्षा नाही, टक्क्यांची चाळण नाही, आणि फी विद्यापीठापेक्षा खूप कमी. कॅलिफोर्नियात तर तिथल्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलरच पडतात. शेवटी हातात येते ती असोसिएट पदवी, आपल्याकडच्या डिप्लोमाच्या जवळपासची.

खरी मेख इथे आहे. ही पदवी दोन प्रकारची असते आणि माहितीपत्रकात दोन्ही शेजारी शेजारी, सारख्याच गोड भाषेत छापलेल्या असतात. एक ‘अप्लाइड’, म्हणजे दोन वर्षांनी थेट कामाला लागण्यासाठी. दुसरी ट्रान्सफरसाठी, म्हणजे दोन वर्षं इथे आणि पुढची दोन विद्यापीठात. पहिलीत फील्डवर्क भरपूर आणि गणित कामापुरतं. दुसरीत रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, कॅल्क्युलसच्या दिशेने जाणारं गणित, आणि फील्डवर्क बेताचं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने अप्लाइड पदवी पूर्ण केली आणि मग ठरवलं की विद्यापीठात जायचं. तिचं कामापुरतं गणित विद्यापीठाने धरलं नाही, मोजणीचे दोन विषय ‘ऐच्छिक’ म्हणून खात्यावर टाकले, आणि चार वर्षांचं शिक्षण सव्वापाच वर्षांचं झालं. चूक कुणाचीच नव्हती, पहिल्या दिवशी विचारलं नव्हतं एवढंच.

म्हणून स्वतःला विचारा, पुढे करायचं काय? झाडं मोजणं, मोजणीसाठी नमुन्याचे प्लॉट आखणं, रोपं लावून घेणं, आगीवर जाणं हे तंत्रज्ञाचं काम असतं. संघीय सरकारच्या पदांच्या यादीत या कामाची मालिका ०४६२, आगीच्या कामाची मात्र आता वेगळी, ०४५६. दोन वर्षांचं शिक्षण आणि त्यात संबंधित विषयांचे पुरेसे क्रेडिट असले की जीएस-४ या पगाराच्या पायरीवर अर्ज करता येतो. कुठलं रान कधी, किती कापायचं याची योजना लिहून खाली सही करणारा तो फॉरेस्टर. त्याची मालिका ०४६०, आणि तिथे चार वर्षांची पदवी, किंवा शिक्षण आणि अनुभव मिळून तेवढीच तयारी लागते. नुसत्या दोन वर्षांच्या पदवीवर तिथे कुणी दारात उभं करत नाही.

ट्रान्सफरचा विचार जराही मनात असेल तर आधी विद्यापीठ ठरवा. ओरेगॉनमध्ये असाल तर कॉर्व्हालिसचं ओरेगॉन स्टेट, मोंटानात मिझूलाचं युनिव्हर्सिटी ऑफ मोंटाना, नॉर्थ कॅरोलिनात राली इथलं एन. सी. स्टेट. तिथल्या वनशास्त्र विभागाच्या सल्लागाराला ईमेल करून ‘तुमच्या कॉलेजातले कोणते विषय आम्ही धरतो’ याची यादी लेखी मागवा. फोनवरचं ‘हो हो, चालेल’ पुढे कामाला येत नाही.

व्हिसाचं गणित, न लाजता

हा विषय मंडळात कुणी उघड बोलत नाही म्हणून जरा सविस्तर.

संघीय सरकारची नोकरी साधारणपणे अमेरिकी नागरिकालाच मिळते. नॅशनल फॉरेस्टच्या पाटीसमोरचा हिरव्या गणवेशातला फोटो मनात असेल तर आधी पासपोर्ट कोणत्या देशाचा ते बघा. ग्रीनकार्डवाल्यांना राज्यांची वनखाती, खासगी लाकूड कंपन्या आणि सल्लागार फर्म असे पुष्कळ रस्ते उरतात.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या आणि मुलांच्या व्हिसावर, शिकता येतं, पण ईएडीशिवाय, म्हणजे कामाच्या सरकारी परवान्याशिवाय, कमावता येत नाही. या शिक्षणाचा अर्धा जीव उन्हाळ्यातल्या पगारी कामात असतो, त्यामुळे एच-४ वाल्यांची पदवी कागदावर पुरी आणि अनुभवात अधुरी राहते. ‘मग फुकट काम करते’ असं मीही म्हणाले होते. एरवी पगारी असलेलं काम फुकट केलं तरी भानगड होऊ शकते, तेव्हा इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय असलं धाडस नको. मुलं एच-४ वर असतील तर २१ व्या वर्षी तो दर्जा संपतो, हेही त्या दोन वर्षांच्या हिशेबात धरा.

आता थेट महाराष्ट्रातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येऊ पाहणाऱ्यांसाठी. त्या व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा कागद, आय-२०, कम्युनिटी कॉलेजं देतात, त्यात अडचण नाही. पण असोसिएट पदवीनंतर कामाची परवानगी बारा महिन्यांचीच. स्टेमवाल्यांना (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मिळणारी पुढची मुदतवाढ निदान बॅचलर असलेल्यांनाच असते. आणि परत गेलात तर या पदवीवर ना भारतीय वनसेवेची परीक्षा देता येते, ना राज्याच्या वनसेवेची, दोन्हींना पदवीधर लागतो. माझं स्पष्ट मत असं: सरळ चार वर्षांपर्यंत जायची पैशाची तयारी नसेल तर निव्वळ या दोन वर्षांसाठी कर्ज काढून येऊ नका. त्यापेक्षा दापोली किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठातली चार वर्षांची बी.एस्सी. वनशास्त्र बरी. मी तिथे गेले नाही ती गोष्ट वेगळी.

कॉलेज कसं निवडायचं

गिफर्ड पिंशो यांनी १९०० साली स्थापन केलेली सोसायटी ऑफ अमेरिकन फॉरेस्टर्स ही संस्था विद्यापीठांच्या पदव्यांप्रमाणे दोन वर्षांच्या वनतंत्र अभ्यासक्रमांनाही मान्यता देते. तिच्या यादीपासून सुरुवात करा. यादीत नसलेलं कॉलेज टाकाऊ असतं असं नाही, पण निदान प्रश्न विचारायला आधार मिळतो.

त्यानंतर नकाशा उघडा. कॉलेजभोवती कोणतं जंगल आहे यावर तुम्ही काय शिकणार हे ठरतं. ओरेगॉनच्या बेंडमधलं सेंट्रल ओरेगॉन कम्युनिटी कॉलेज कोरड्या, उंच पठारावर आहे. भोवती पाँडेरोसा आणि लॉजपोल पाइन, आणि आग हा तिथला रोजचा विषय. नॉर्थ कॅरोलिनातलं हेवुड कम्युनिटी कॉलेज ॲपलेशियन डोंगरात, तिथे ओक, पॉपलर, मेपल अशी रुंद पानांची मिश्र झाडी. जवळच ॲशव्हिलपाशी कार्ल शेंक यांनी १८९८ मध्ये देशातली पहिली वनशाळा काढली होती. मोंटानात कॅलिस्पेलचं फ्लॅटहेड व्हॅली, कॅलिफोर्नियात रीडली, युरेकाचं कॉलेज ऑफ द रेडवुड्स, मेरीलँडमध्ये कंबरलंडचं ॲलेगनी कॉलेज, ही आणखी काही नावं. नोकरी बहुधा त्याच भागात मिळते, कारण झाडं तीच असतात आणि शिक्षकांची ओळखही तिथलीच. फिनिक्समध्ये घर घेतलेल्याने मेरीलँडमध्ये शिकून यायचं हा व्यवहार जमत नाही.

ठरवण्याआधी एकदा प्रत्यक्ष जा आणि फील्डच्या दिवशीच जा. गाडीत किती मुलं बसतात बघा. एका फितीवर दोघं असतील तर उत्तम, सहा असतील तर चौघं नुसती उभी राहतात. शिक्षकाला विचारा, ‘गेल्या वर्षीची मुलं आज कुठे कामाला आहेत?’ चांगला शिक्षक नावगाव घेऊन सांगतो. ‘संधी खूप आहेत’ असं गुळमुळीत उत्तर आलं तर गाडी वळवा.

अर्ज आणि पैसा

यात फार काही नाही. अर्ज ऑनलाइन, काही ठिकाणी गणित आणि इंग्रजीची पातळी तपासणारी छोटी चाचणी, भारतातल्या गुणपत्रिका असतील तर त्यांचं मूल्यमापन. नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांनी फाफ्सा, म्हणजे शिक्षणासाठीच्या सरकारी मदतीचा फॉर्म, भरायचाच. आपलं उत्पन्न जास्त आहे म्हणून न भरणारे मराठी आईबाप मी बरेच पाहिलेत, आणि कित्येक कॉलेजांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या त्या फॉर्मशिवाय मिळत नाहीत. राज्याचे रहिवासी ठरलात तरच कमी फी, आणि त्याचे नियम राज्यागणिक, व्हिसागणिक वेगळे.

मात्र एक ध्यानात ठेवा. वनशास्त्राचे विषय साखळीने एकामागून एक येतात आणि साखळी शरद ऋतूत सुरू होते. सप्टेंबर चुकला तर जानेवारीत इंग्रजी-गणित उरकता येतं, मुख्य विषयांना पुढचा सप्टेंबर.

मोजणी: इथे मुक्काम लांबवते

आपल्या लोकांना इथे एक आडून आलेला फायदा आहे. अमेरिकन वनखात्याचं जुनं माप म्हणजे चेन, ६६ फुटांची. वर्गातली मुलं डोकं खाजवत होती, ८० चेनचा मैल आणि १० चौरस चेनचा एकर कसा लक्षात ठेवायचा म्हणून. मला मात्र आजोबांच्या सातबाऱ्याची आठवण झाली. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट. म्हणजे गुंठ्याची बाजू ही बरोबर अर्धी चेन, एक चौरस चेन म्हणजे चार गुंठे, आणि ४० गुंठ्यांचा एकर. मोजणीखात्यातली शंकू-साखळी तरी कुठून आली? त्याच इंग्रजांच्या पेटाऱ्यातून. फील्डमध्ये नेहमीचा प्लॉट एक दशांश एकराचा असतो, ३७.२ फूट त्रिज्येचा गोल. मी त्याला मनातल्या मनात ‘चार गुंठे’ म्हणते आणि नजरेचा अंदाज कधी चुकत नाही.

वर्ग सुरू होण्याआधी घरी करता येतील अशा तीन गोष्टी सांगते.

पहिली, पावलं. सपाट रस्त्यावर १३२ फूट, म्हणजे दोन चेन, मोजून दोन खुणा करा. नेहमीच्या चालीने पाच वेळा चाला आणि फक्त उजवं पाऊल मोजा. सरासरी काढून निम्मी करा, ती तुमची एका चेनची पावलं. उंच मुलांची बारा येतात, माझी चौदा. कुणाची नक्कल करून ढांगा टाकू नका, दुपारपर्यंत पाय बोलायला लागतात. मग हेच चढावर करून बघा आणि आकडा कसा फुगतो ते लिहून ठेवा.

दुसरी, उतार. नकाशावरचं अंतर आडवं असतं आणि आपण चालतो तिरकं. ६० टक्क्यांच्या चढावर ६६ फूट आडवं अंतर गाठायला जमिनीवर ७७ फूट फीत सोडावी लागते. हे विसरलं की प्लॉट आखूड पडतो आणि एकरी झाडांचा हिशेब कोसळतो. पहिल्या परीक्षेत निम्मा वर्ग इथेच आपटला.

तिसरी, होकायंत्र. पुण्याच्या आसपास होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर जवळपास एकच असते, म्हणून आपल्याला हा फरक कुणी शिकवत नाही. बेंडकडे तो पूर्वेला सुमारे १४ अंश आहे. तो न लावता २० चेन, म्हणजे पाव मैल चाललात, तर ठरल्या जागेपासून सव्वातीनशे फूट बाजूला निघाल. मी निघाले होते, ओढ्याच्या पलीकडे, दुसऱ्याच्या मालकीच्या रानात.

झाडाचा व्यास जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजतात, उतारावर असाल तर वरच्या बाजूने. फितीवरचे आकडे मुळातच π ने (३.१४ ने) भागून छापलेले असतात, त्यामुळे घेर गुंडाळला की व्यासच वाचता येतो. उंचीला क्लिनोमीटर, चढ-उताराचा कोन दाखवणारं हातातलं यंत्र. झाडापासून १०० फुटांवर उभं राहून टक्क्यांच्या पट्टीवर शेंडा वाचायचा, मग बुंधा. शेंडा वर ८४, बुंधा खाली ९, बेरीज ९३ फूट. पण शेंडा दिसला पाहिजे ना! दाट रानात दहा मिनिटं मान वाकडी करून एक फट शोधावी लागते, आणि फट सापडते तीही बरेचदा शेजारच्या झाडाच्या शेंड्याची.

झाडं ओळखणं

डेंड्रॉलॉजी हा पाठांतराचा विषय, आणि पाठांतरात आपण मागे नाही. दर आठवड्याला नवी दहा-पंधरा झाडं, लॅटिन नावाच्या स्पेलिंगसकट. सुडोट्सुगा मेन्झिएसाय मी भाकरी थापताना पाठ केलंय. पुस्तकातल्या चित्रांवर विसंबू नका, हात लावा. डग्लस फरच्या बोंडातून उंदराची शेपटी बाहेर राहावी तशी तीन टोकी पानं डोकावतात. वेस्टर्न हेमलॉकचा शेंडा लाजल्यासारखा वाकलेला. पाँडेरोसाच्या सुया बहुधा तीन-तीनच्या जुडीत, लॉजपोलच्या दोन-दोनच्या. ऊन पडलं असेल तर जुन्या पाँडेरोसाच्या सालीच्या भेगेत नाक घाला, व्हॅनिलाचा वास येतो. सगळ्या वर्गाने रांगेत उभं राहून झाडं हुंगली होती, बाजूने जाणाऱ्या सायकलवाल्याने ब्रेक लावला.

निळा रंग

सिल्व्हिकल्चरच्या, म्हणजे रान जोपासण्याच्या शास्त्राच्या, तासाला हातात रंगाचा डबा देतात. आमच्याकडे निळा म्हणजे तोडायचं, नारिंगी म्हणजे ठेवायचं. देवराईतली वाळकी काठीसुद्धा घरी आणायची नाही अशा गावातून आलेली मी. पहिल्या दिवशी दीड तासात तीन झाडांना रंग लावला, तीनही मेलेली.

सरांनी मग एक जुना बुंधा दाखवला, आगीचे व्रण असलेला. पाँडेरोसाच्या रानात पूर्वी दर काही वर्षांनी जमिनीलगतची हलकी आग यायची, बारीक रोपं जायची, जाड सालीची मोठी झाडं टिकायची. विसाव्या शतकभर आगी विझवत राहिल्याने मधली जागा काठीसारख्या बारीक झाडांनी भरली. आता आग आली की ती या काठ्यांच्या शिडीवरून शेंड्यापर्यंत चढते आणि म्हातारी झाडंही घेऊन जाते. म्हणजे इथे विरळणी न करणं हाही एक निर्णयच. हे डोक्याला पटायला एक तास लागला आणि हाताला दोन महिने. पर्यावरणाच्या ओढीने येणाऱ्यांनी ही तयारी ठेवून यावं, नाहीतर दुसऱ्या सत्रात मन उठतं. लाकूड कंपन्यांचं सगळंच बरोबर असतं असं मी म्हणत नाही. वर्गात त्यावरून भांडणं होतात, व्हायलाच हवीत.

सामान, डबा आणि खाज

बुटांत पैसे वाचवू नका. ओल्या ओंडक्यांवर चालायचं तर खिळ्यांच्या तळव्याचे लागतात, कोरड्या भागात साधे जाड चामडी चालतात. बायकांच्या मापाचे बूट दुकानात सहज मिळत नाहीत, दोन महिने आधी मागवा आणि घरात घालून हिंडा. हेल्मेट बहुतेक कॉलेज देतं. सुती जीन्स नको, भिजली की वाळत नाही.

पश्चिमेला पॉइझन ओक, पूर्वेला पॉइझन आयव्ही. आपल्याकडच्या बिब्ब्याच्याच कुळातली ही वेली-झुडपं, तेव्हा बिबवा उतलेला माणूस पाहिला असेल तर वेगळं सांगायला नको. घरी आल्यावर कपडे वेगळे धुवा आणि साबणाने हात-पाय चोळून काढा. पूर्वेच्या राज्यांत गोचिडांपासून लाइम रोग होतो, रोज रात्री अंग तपासायचं.

डब्याला दशम्या न्या. सँडविच भिजून लगदा होतं, दशमी खिशात दिवसभर टिकते. माझ्या जोडीदाराला दुसऱ्या महिन्यात तिचं नाव उच्चारता यायला लागलं.

मधला उन्हाळा

पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मधले तीन-चार महिने हंगामी कामाचे. शोध मात्र आदल्या शरद ऋतूपासूनच सुरू करा. एप्रिलमध्ये जागा होणारा रिकामा राहतो.

फक्त संघीय नोकरीवर भिस्त ठेवू नका. फॉरेस्ट सर्व्हिसने, म्हणजे संघीय वनखात्याने, २०२४ मध्ये आगीची कामं सोडून पुढच्या वर्षाची इतर हंगामी भरती थांबवली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत प्रोबेशनवरच्या हजारो लोकांना काढलं. राज्यांची खाती, अमेरिकेतल्या आदिवासी जमातींची स्वतःची वनखाती, खासगी कंपन्या, सगळीकडे एकदम अर्ज टाका.

आगीवर जायचं असेल तर एस-१३० आणि एस-१९० हे मूलभूत कोर्स बऱ्याच कॉलेजांत अभ्यासक्रमातच असतात. त्याशिवाय ४५ पौंडांचं ओझं पाठीवर घेऊन तीन मैल ४५ मिनिटांत चालायचे, पळायचं नाही. वीस किलोच्या तांदळाच्या पोत्याएवढं वजन. मी तांदळाचंच पोतं पाठपिशवीत भरून गल्लीत सराव केला. पहिल्यांदा ५३ मिनिटं लागली, सहा आठवड्यांनी ४४. शेजारणीने विचारलं, कुठे चालल्या रोज सामान घेऊन? आगीवर, म्हटलं.

फील्डवहीत पेन चालत नाही, शाई पावसात वाहून जाते. दोन पेन्सिली ठेवा, एक दोरीने गळ्यात बांधलेली.